मक्षिकेच्या जागी मक्षिका

‘माश्या मारीत बसणे’ म्हणजे काहीच उद्योग नसणे, असा निवाडा आपल्या भाषेने फार पूर्वी देऊन टाकला आहे. चालत्या कामात विघ्न आले की कुठेतरी माशी शिंकते. मिजासखोर माणूस नाकावर माशी बसू देत नाही. आणि अक्कल गहाण टाकून नक्कल करणारा लेखनिक मक्षिकेच्या जागी मक्षिका चिकटवतो! मूळ पोथीच्या पानावर एक मेलेली माशी चिकटली होती, म्हणून या पठ्ठ्याने दुसरी माशी मारून आपल्या प्रतीत नेमकी त्याच जागी डकवली, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे. सर्वजण त्या लेखनिकाला हसतात. माझी त्याच्याविषयीची शंका जरा निराळी आहे. त्याने चिकटवली ती माशी मूळच्याच जातीची होती काय? नसेल, तर त्याची नक्कलसुद्धा बरोबर उतरली नाही असे म्हणावे लागेल.

ही शंका वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु प्राणिशास्त्र शिकवण्यात ज्याची पस्तीस-चाळीस वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर ज्याला खरोखरच माश्या मारीत बसण्याचा छंद लागला, त्याला अशाच शंका यायच्या. मी बडोद्यास राहतो. भाचा सुरतेस उधन्याच्या बाजूला असतो. त्यामुळे वर्षातून दोनतीन वेळा तापीकाठी माझा मुक्काम पडतो. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून मागावर कामाला आलेल्या मराठी माणसांची एवढी वस्ती आहे की, सकाळी दूध आणायला बाहेर पडावे आणि आपण नंदुरबारात आहोत की सुरतेत, असा क्षणभर घोटाळा व्हावा.

मराठी माणसाला सुरत म्हटली की 1664 आणि 1670 ही दोन साले आठवतात. त्यापुढे घारी आणि पोंक आठवतो. पण या शहराची आणखी एक ख्याती होती आणि ती परदेशी प्रवाशांनी दूरवर पोहोचवली होती. ती म्हणजे येथील जनावरांचा दवाखाना, म्हणजेच पांजरापोळ. 1689 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतावरचा ओव्हिंग्टन नावाचा पाद्री सुरतेस उतरला. त्याने 1696 साली आपले प्रवासवर्णन छापले. गायी, घोडे, बकऱ्या, कुत्री यांची शुश्रूषा होते हे त्याने लिहिलेच. पण ढेकूण, पिसवा यांच्यासाठीही निराळी सोय असून त्यांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसाला मोल देऊन रात्रभर तेथील खाटेवर निजवतात, असेही तो सांगतो. 1772 सालच्या एका वर्णनात याच दवाखान्यात पंचाहत्तर वर्षे राहिलेल्या एका म्हाताऱ्या कासवाचा उल्लेख आहे. पुढे अलेक्झांडर बर्न्स या अधिकाऱ्याने सुरतेच्या या दवाखान्यावर लिहिलेले टिपण 1834 साली प्रसिद्ध झाले. परक्यांना याचे हसू येई. मला ते येत नाही. जीव तो जीव, हा विचार शेवटापर्यंत नेणारी माणसे या शहरात होऊन गेली, एवढेच मी त्यातून घेतो. पुढे जी हकीकत सांगणार आहे तिला या विचाराचा संबंध आहे, म्हणून हे आधी सांगितले.

आता माश्यांकडे वळू.

आपल्या घरात ताटावर बसते ती करडी घरमाशी. तिला सोडून द्या. मासळी बाजारात, खाटकाच्या दुकानाशी, मेलेल्या उंदराभोवती जी जाडसर, हिरवी-निळी, धातूच्या भांड्यासारखी चकाकणारी माशी घोंघावते, तिच्याविषयी मी लिहीत आहे. मराठीत तिला आपण हिरवी माशी किंवा निळी माशी म्हणतो आणि तेवढ्यावर थांबतो. प्रत्यक्षात त्या एका नावाखाली कितीतरी जाती नांदत असतात. भारत, सिलोन आणि ब्रह्मदेश यांतील या कुळाची मोजदाद सीनियर-व्हाइट, ऑबर्टिन आणि स्मार्ट या तिघांनी 1940 साली एका जाड ग्रंथात केली. तो ग्रंथ आजही हाताशी घ्यावा लागतो.

आपल्या मैदानी मुलखात हटकून भेटते ती क्रायसोमाया मेगासेफाला. मेगासेफाला म्हणजे मोठ्या डोक्याची. हिचे नाव ठेवले फाब्रिसियसने, 1794 साली. नराचे डोळे पाहावेत: डाळिंबी रंगाचे, डोक्यावर एकमेकांना भिडलेले. भिंगाखाली धरले तर डोळ्याच्या वरच्या भागातली नेत्रके मोठी, खालच्या भागातली बारीक, आणि दोहोंच्या मध्ये रेघ मारल्यासारखी स्पष्ट सीमा. इंग्रज हिला ‘पूर्वेकडची संडासमाशी’ म्हणतात; नाव ओंगळ आहे पण खोटे नाही. विष्ठा, कुजके मांस, वाळत घातलेली मासळी आणि हलवायाचे ताट या चारही ठिकाणी ही सारख्याच आनंदाने बसते. बोंबील वाळवणाऱ्या कोळ्यांची ही जन्माची वैरीण. तरीही एक सांगायला हवे की, आंब्याच्या मोहरावर परागकण नेणाऱ्या कीटकांत माश्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांत हीसुद्धा असते. वलसाडचा हापूस चोखताना या बाईचे आभार मानायला कोणी तयार होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

दुसरी क्रायसोमाया रुफिफेसीज. हिच्या छातीच्या बाजूला पुढच्या अंगाचे जे श्वासरंध्र असते, ते पांढरे. मेगासेफालाचे काळपट तपकिरी. हिची अळी तर ओळखायला फारच सोपी, कारण तिच्या अंगावर मांसल काटे असतात, आणि ही अळी दुसऱ्या माश्यांच्या अळ्या खाऊन टाकते. वायव्येकडे अल्बिसेप्स नावाची हिची सख्खी बहीण आहे. दोघींत फरक काय, तर श्वासरंध्रापाशी एक केस! रुफिफेसीजला तो असतो, अल्बिसेप्सला बहुधा नसतो. तो एक केस मोजण्यासाठी मी कित्येक दुपारी मान मोडून बसलो आहे. ल्युसिलिया या हिरव्या कुळातही क्युप्रिना आणि सेरिकाटा अशी जोडी आहे. पहिलीवर तांब्याची झाक, पुढच्या पायांच्या मांड्या चकचकीत हिरव्या. दुसरीच्या मांड्या काळपट निळ्या. ही सेरिकाटा जखमेतील फक्त कुजका भाग खाते आणि जिवंत मांसाला सहसा तोंड लावत नाही. म्हणून तिच्या निर्जंतुक अळ्या न भरणाऱ्या जखमांवर सोडण्याची पद्धत निघाली आणि 2004 साली अमेरिकेत तिला सरकारी मान्यता मिळाली. क्युप्रिनाने ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या अंगात अळ्या घालून धनगरांना रडवले. फरक मांडीच्या रंगाचा!

पण माझा विषय आहे तो क्रायसोमाया बेझियाना.

ही माशी आणि मेगासेफाला शेजारी ठेवल्या तर कोणीही सांगेल की दोन्ही एकच. तीच निळसर हिरवी चकाकी, पोटावर त्याच काळसर पट्ट्या, तोच नारिंगी चेहरा. वागणूक मात्र अगदी उलटी. मेगासेफाला मेलेल्यावर वाढते. बेझियाना मेलेल्याकडे ढुंकून पाहत नाही. तिची अळी फक्त जिवंत प्राण्याच्या जिवंत मांसावर वाढते. गोचीड चावल्याची जागा, शिंगाचा ओरखडा, नुकत्याच जन्मलेल्या वासराची ओली नाळ, असे काही दिसले की ती कडेला बसून एकाच वेळी शे-दोनशे अंडी चिकटवून जाते. दिवसभरात अळ्या फुटतात आणि डोके आत खुपसून, पेचाच्या खिळ्यासारख्या मांसात शिरतात. त्यांच्या अंगावर दणकट काट्यांची वळी असतात. पाचसात दिवसांत पोट भरले की त्या जमिनीवर पडतात, मातीत शिरून कोष करतात आणि साधारण आठवडाभराने पुन्हा माशी बाहेर येते. आपले शेतकरी याला ‘आसाडी पडली’ म्हणतात. सीताफळाचा पाला, डांबराची गोळी, टर्पेंटाइन, हे इलाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. माणसालाही हा प्रकार होतो; नाकात अळ्या पडण्याला आपल्याकडे पीनस म्हणत आणि गोऱ्या डॉक्टरांनी तो शब्द जसाच्या तसा आपल्या पुस्तकांत उचलला.

सुश्रुताने चिकित्सास्थानात हे स्पष्ट सांगितले आहे: माश्या व्रणावर येऊन कृमी टाकतात, ते मांस खाऊ लागतात आणि सूज चढते. तुळशी ज्यात आहे त्या सुरसादि गणाच्या काढ्याने व्रण धुवावा, किंवा मांसाचा तुकडा वर झाकून कृमी त्यावर ओढून घ्यावेत, असा त्याचा उपाय. युरोपात कुजक्या मांसात अळ्या आपोआप होतात असे मानले जाई. 1668 साली इटलीतल्या रेडीने मांसावर जाळी बांधून माशी आणि अळी यांचे नाते सिद्ध केले. आपल्याकडच्या वैद्याला ते नाते ठाऊक होते. मात्र कोणती माशी, हा प्रश्न सुश्रुतानेही विचारलेला दिसत नाही.

तो विचारला वॉल्टर स्कॉट पॅटन यांनी. हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. मद्रासजवळ गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत. क्रॅग या सहकाऱ्याबरोबर त्यांनी 1913 साली वैद्यकीय कीटकशास्त्रावर एक मोठे पुस्तक लिहिले. जखमेत अळ्या कोणाच्या, हे ठरवायचे तर जखमेवर बसलेली माशी पकडून उपयोग नाही. कारण दुर्गंध सुटल्यावर तेथे दहा जातींच्या माश्या जमतात आणि खरी गुन्हेगार अंडी घालून केव्हाच निघून गेलेली असते. पॅटन यांनी जखमांतून काढलेल्या अळ्याच वाढवल्या आणि त्यांतून काय बाहेर पडते ते पाहिले. बाहेर पडली ती बेझियाना. व्हिलनव या फ्रेंच संशोधकाने 1914 साली आफ्रिकेतील नमुन्यांवरून तिला नाव दिले होते आणि मारिओ बेझ्झी या इटालियन माशीतज्ज्ञाचा त्यात गौरव केला होता. (ज्याचे नाव अशा माशीला मिळाले त्या सद्गृहस्थाला काय वाटले असेल, कोण जाणे!) 1920 पासूनच्या दोनतीन वर्षांत पॅटन यांनी इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये या माश्यांवर लेखमाला लिहिली. तोपर्यंत दोन्हींची गल्लत होत असे.

ओळख कशी पटवावी? माशीच्या पंखाच्या मुळाशी लहान पापडीसारखे दोन पडदे असतात. त्यांतला खालचा पडदा पाहावा. मेगासेफालाचा काळपट तपकिरी असतो, बेझियानाचा मेणासारखा पांढरा. नराच्या डोळ्यांत ती स्पष्ट सीमारेषा बेझियानाला नसते. मादीच्या दोन डोळ्यांमधली पट्टी बेझियानात वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची, मेगासेफालात मध्ये फुगलेली. अळीच्या पुढच्या श्वासरंध्राला बेझियानात चारसहा बोटे, मेगासेफालात दहाबारा. बस्स, एवढेच. पंख जरा उचलून धरला आणि दसपट भिंगातून पाहिले, की एका पडद्याच्या रंगावर निकाल लागतो. अलीकडे माशीचा एक पाय प्रयोगशाळेत पाठवला तर त्यातील जनुकावरूनही जात सांगतात; परंतु गोठ्यात उभ्या असलेल्या डॉक्टरला भिंगच बरे.

याच पॅटन यांच्या हातून पुढे आणखी मोठे काम झाले. मद्रास सोडून ते लिव्हरपूलला अध्यापक झाले. तेथे कुशिंग नावाचा अमेरिकन त्यांच्याकडे आला. अमेरिकेत, विशेषतः टेक्सासमध्ये, गुरांच्या जखमांत अळ्या पडून गुराखी हवालदिल झाले होते. तेथेही सर्वांची समजूत हीच की मेलेल्या जनावरांवरच्या माश्या जिवंतांवर येतात. म्हणून मढी जाळा! मढी जाळली जात होती आणि वासरे मरतच होती. 1933 साली कुशिंग आणि पॅटन यांनी दाखवून दिले की तेथेही जुळ्या बहिणींसारख्या दोन जाती आहेत. मढ्यांवर ढिगांनी सापडणारी एक आणि जिवंत मांस खाणारी दुसरी. त्यांनी या दुसरीला नवे नाव दिले. पुढे कळले की तिला कोकरेल या फ्रेंच डॉक्टरने 1858 सालीच नाव देऊन ठेवले होते, ‘माणूस खाणारी’ अशा अर्थाचे. नवे नाव गेले, जुने राहिले. पण फरक राहिला, आणि त्या फरकावरच पुढची इमारत उभी राहिली.

कारण जिवंत मांसावर वाढणारी जात थोडी असते. शिवाय तिची मादी आयुष्यात एकदाच जोडीदार पत्करते, हेही निपलिंग आणि बुशलँड या दोघांच्या ध्यानात आले. मग प्रयोगशाळेत लाखो नर वाढवून, किरणोत्सर्गाने नापीक करून रानात सोडले तर? माद्या त्यांच्याशी संग करतील आणि अंडी फुकट जातील. 1954 साली क्युरासाओ बेटावर हा प्रयोग झाला आणि काही महिन्यांत बेटावरून ती माशी नाहीशी झाली. तेथून फ्लॉरिडा, टेक्सास, मेक्सिको करीत शास्त्रज्ञांनी तिला पनामापर्यंत मागे रेटले. निपलिंग आणि बुशलँड यांना 1992 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 1988 साली ती लिबियात शिरली होती, तेथूनही याच उपायाने ती 1991 पर्यंत घालवली. मात्र 2023 पासून पनामाची ती भिंत फुटली आणि 2024 च्या अखेरीस ती मेक्सिकोत पुन्हा पोहोचली. माशीशी केलेला तह फार दिवस टिकत नाही. पण नराची ही युक्ती सुचायलाही शत्रू नेमका कोण, हे आधी माहीत व्हावे लागले. मेलेल्या जनावरांवरची माशी धरून तिचे नर सोडले असते, तर कोट्यवधी माश्या आणि तितकाच पैसा हवेत उडाला असता.

न्यायालयांतही हा भेद कामाला येतो. चीनमधील सोंग सी या न्यायाधिकाऱ्याने 1247 साली लिहिलेल्या ग्रंथात एका खुनाची हकीकत आहे: गावातल्या सर्वांचे विळे उन्हात मांडले, माश्या एकाच विळ्यावर जमल्या आणि खुनी कबूल झाला. आता प्रेतावरच्या अळीच्या वयावरून मृत्यूची वेळ काढतात. परंतु प्रत्येक जातीची अळी निराळ्या वेगाने वाढते, काही जाती पहिल्या तासात येतात, काही मागून. रुफिफेसीजची अळी तर आधी आलेल्यांना खाऊनही टाकते. जात चुकली की वेळ चुकली, आणि वेळ चुकली की निरपराध माणूस अडकला. असो. तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

गेल्या पावसाळ्यात मी सुरतेत होतो. हे शहर आता स्वच्छतेबद्दल नावाजले जाते. 1994 च्या प्लेगनंतर त्याने कात टाकली आणि 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या जोडीने पहिला क्रमांक घेतला. शहरात माश्या शोधायला मला हिंडावे लागते, ही तक्रार मी भाच्याच्या बायकोपाशी केली तेव्हा ती म्हणाली, “मामा, तेवढीच एक गोष्ट या शहरात कमी आहे, तीही तुम्ही आणा!” तिचाही राग बरोबर होता, कारण माश्या थंड करून बधिर करण्यासाठी मी फ्रिजचा एक कप्पा मागितला होता.

शेवटी एका ओळखीच्या पशुवैद्य डॉक्टरबाईंनी मला शहराबाहेरच्या एका गोशाळेत नेले. गोशाळेचे नाव सांगत नाही. तिथे तीन आठवड्यांत पाच वासरांच्या नाळेत आसाडी पडली होती आणि दोन वासरे गेली होती. गुरे सांभाळणारा माणूस साक्रीकडचा, बोली अहिराणीकडे झुकणारी. त्याने वासराला मांडीवर घेतले. डॉक्टरबाईंनी नाळेवरचे केस कापले, टर्पेंटाइनचा बोळा धरला आणि चिमट्याने एकेक अळी ओढायला सुरुवात केली. वरून बोटभर दिसणारे भोक आत मुठीएवढे होते. वासराने एकदाच हंबरडा फोडला आणि मग ते नुसते थरथरत राहिले.

गोशाळेचे विश्वस्त, एक वृद्ध गुजराती शेठजी, शेजारी उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या मते सारा उपद्रव मागच्या खड्ड्यातून येत होता. मेलेली जनावरे तेथे टाकतात. पूर्वी गिधाडे होती. तासाभरात हाडे उरत. डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडे मेली, 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण गिधाडे परतली नाहीत. आता खड्ड्यावर माश्यांचे मोहोळ असते. तो खड्डा सिमेंटने बांधून झाकावा, असा शेठजींचा बेत होता आणि त्यासाठी देणगीही जमली होती.

“खड्डा झाका, अवश्य झाका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “वास जाईल, कुत्री जातील. पण ही आसाडी तिथून येत नाही.”

“माश्या तर तिथल्याच!” शेठजी म्हणाले. साक्रीच्या गड्यानेही मान डोलावली. “बाई, निळी माशी ती निळी माशी. दोन्हीकडे एकच.”

आणखी एक गोष्ट मला तेथे कळली. वासराच्या अंगातून निघालेल्या अळ्या तो गडी पळसाच्या पानावर घेऊन कुंपणापलीकडे मातीत सोडून येत असे. शेठजींची तशी आज्ञा होती. औषध लावायला त्यांची ना नव्हती. पण निघालेला जीव चिरडायचा नाही. मला तीनशे वर्षांपूर्वीची ती खाट आठवली.

मी दोन बरण्या मागून घेतल्या. एकीत वासराच्या जखमेतल्या, पूर्ण वाढलेल्या चौदा अळ्या कोरड्या वाळूत ठेवल्या. दुसरीत खड्ड्याच्या काठच्या मातीतून उकरलेल्या वीस. पूर्ण वाढलेल्या अळीला खायला लागत नाही, ती कोषाला जागा शोधत असते. म्हणून भाच्याच्या सुनसान गच्चीवर त्यांची सोय होऊ शकली. बरणीच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधला. रोज सकाळी भाच्याची सहावीतली मुलगी माझ्याआधी जाऊन पाहून येई. तिची आई जिन्यातूनच विचारी, “उडाल्या का एकदाच्या?”

आठव्या दिवशी पहिल्या बरणीत माश्या निघाल्या, दहाव्यापर्यंत अकरा. अकराही जणींचा खालचा पडदा पांढरा. दुसऱ्या बरणीत सतरा. त्यांतल्या बारांचा पडदा काळपट तपकिरी, आणि उरलेल्या पाच रुफिफेसीज, ज्यांच्या काटेरी अळ्या मी वाळूत ठेवतानाच ओळखल्या होत्या. खड्ड्यातून बेझियाना एकही नाही. अठ्ठावीस माश्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आलो आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वी पॅटन जे सांगून गेले त्याच्याशी हे तंतोतंत जुळत होते.

दोन्हींतल्या एकेक माश्या टाचणीला लावून मी गोशाळेत नेल्या. गड्याने नुसत्या डोळ्यांनी पाहून सांगितले, “सख्ख्या बहिणी, गुरुजी.” मग भिंग डोळ्याला लावले. बराच वेळ लावला. पंख कुठे उचलायचा ते मी टाचणीने दाखवले. “हिची पापडी पांढरी आहे,” तो म्हणाला आणि त्याने भिंग शेठजींच्या हातात दिले.

शेठजींचा हात वयामुळे कापत होता. म्हणून डॉक्टरबाईंनी तो धरला. त्यांनी पाहिले. नंतर डॉक्टरबाईंनी त्यांना समजावून सांगितले की कुंपणापलीकडे सोडलेली अळी मातीत शिरते, दहा दिवसांत माशी होते आणि नव्या वासराच्या नाळेवर येते. म्हणजे एका वासरातून काढलेला जीव आपण पुढच्या वासरात नेऊन ठेवतो.

शेठजी विचारात पडले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही. “मेलेल्यावर ती जगत नाही, म्हणता. जिवंतावर आपण जगू देणार नाही. मग तिने जगावे कुठे?”

डॉक्टरबाईंकडे याचे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते.

त्यांनी मग दोन गोष्टी ठरवल्या. खड्ड्यासाठी जमलेल्या देणगीतून एक मुलगा नेमायचा. त्याने रोज सकाळी प्रत्येक वासराची नाळ आणि प्रत्येक जनावराची कातडी तपासायची, ओरखडा दिसला की लगेच औषध लावायचे, आणि नवे वासरू जन्मले की त्याच दिवशी नाळ आयोडिनात बुडवायची. उरलेल्या पैशांत खड्ड्यावर जाळी. दुसरी गोष्ट अशी की, निघालेल्या अळ्या यापुढे डॉक्टरबाईंच्या बाटलीत जायच्या. त्या बाटलीत काय असते हे शेठजींनी विचारले नाही आणि बाईंनी सांगितले नाही.

वासराची जखम त्या वेळी भरत आली होती; कडेने नवे गुलाबी मांस धरले होते. टाचणीवरच्या दोन माश्या मी कागदाच्या चिठ्ठ्या लावून औषधांच्या कपाटात ठेवून आलो. एकीखाली ‘वासरू’ लिहिले आहे, दुसरीखाली ‘खड्डा’. भिंगही तेथेच ठेवले. माझ्यापाशी आणखी एक आहे.